पायाखालचं मेण

—नाही, स्की उलटून नको बघूस इतक्यात. खालून काय बघायचंय? खालून सगळ्या स्की सारख्याच दिसतात. आधी वजन सांग तुझं. खरं सांग हं — डॉक्टरकडे चोर हवं तर, आईकडे चोर, स्कीपाशी वजन चोरायचं नाही, ती बरोबर पकडते. बरं. एवढं? दिसत नाहीस. उंच आहेस म्हणून. आता त्यात पाठीवरचं ओझं धर — धरलंस? नाही ना, सगळ्या तिथेच चुकतात. दुकानात हलक्याफुलक्या उभ्या राहतात, स्कीची मधली कमान छान तोलून धरते, दुकानदार वा वा म्हणतो, आणि मग डोंगरात सॅक चढवली, मागे सामानाची घसरगाडी बांधली की बाई चालतेय कसली, रुततेय नुसती. म्हणून म्हटलं ती सॅक चढव. बटाटे आहेत आत, सकाळीच भरून ठेवलेत तुझ्यासाठी. दोन्ही खांद्यांवर घे. हां. आता बूट अडकव आणि दोन्हींवर सारखी उभी राहा. समोर बघ, माझ्याकडे नको — खिडकीकडे बघ. नको, खिडकीकडेही नको. भिंतीकडे बघ.

मी या स्टुलावरून वाकते. खाली बसता येत नाही मला, गुडघा नवा आहे, गेल्या उन्हाळ्यात बसवला. डॉक्टर म्हणाले, जिना चढाल, बागेत जाल, नाचालसुद्धा. स्कीचं विचारलं तर म्हणाले, बघू. 'बघू' म्हणजे काय ते या वयात कळतं गं. असू दे. हा बघ कागद, पेपरचंच पान आहे, हा तुझ्या बुटाखाली, स्की आणि जमिनीच्या मधून सरकवते — सरकतोय? सरकतोय. छान. आता सगळा भार डाव्या पायावर टाक. सगळा, लाजू नकोस. अडकला! बघ, ओढते तरी येत नाही. म्हणजे दोन्ही पायांवर असलीस की मधला भाग बर्फाला चिकटत नाही, स्की पळते; एका पायाने ढकललंस की तोच भाग खाली दाबला जातो आणि धरतो. एवढंच असतं सगळं शास्त्र, बाकीची पोपटपंची दुकानदारांची. बसतात तुला. अगदी मापून केल्यासारख्या बसतात. मला वाटलं होतं बसणार नाहीत — काही नाही, माझ्याशीच बोलतेय.

उतर, सॅक ठेव, बस जरा. वॉफल घे. अगं घे, कालचे नाहीत. वर ते तपकिरी चीज घाल, पातळ काप, तुम्ही ओस्लोची माणसं जाड कापता. आता बुटांचं सांग. हे तुझेच ना? नखं पुढे लागतात का उतारावर? घरात घालून चाल, जिना उतर, पुढे बोटं आपटली तर परत कर, दया नको दाखवूस. आणि तुझा तो मित्र काय म्हणतो — हलक्या घे? पोलादी कडा नकोत? मग त्याला म्हणावं, वाऱ्याने घासून गुळगुळीत केलेल्या उतारावर तू हलक्या घालून उतर, मी खाली कॉफी घेऊन थांबते, तू कशावर बसून येतोस ते बघायला. माझं ऐक, कडा हव्यातच. तोर्ग्रिम — माझा नवरा, याच स्कींचा मालक — त्याने या कशा निवडल्या सांगू? दुकानदाराकडून दोन वेगवेगळ्या जोड्या चाचणीला आणल्या आणि एका पायात एकीतली घातली, दुसऱ्या पायात दुसरीतली. आणि तसाच चढला, तसाच उतरला, मग पाय बदलून पुन्हा. लोक हसत होते. म्हणत होते, तोर्ग्रिमला बायकोने चुकीच्या जोडीने घराबाहेर काढलं. पण तो म्हणायचा, आज एक आणि उद्या दुसरी घालून काय कळणार, बर्फ बदलतो, आपणही बदलतो. एकाच पावलाला विचारायचं, बाई गं, तुला कोणती आवडली. अख्खा दिवस घातला त्यात. असा माणूस. घड्याळ घेतलं तरी आधी कानाशी धरून ऐकणारा.

तर आमच्या घरात कामं वाटलेली. निवडायचं त्याने, तंबू, स्टोव्ह, दोऱ्या, नकाशा त्याचा. मेण माझं. लग्न झालं तेव्हापासून माझं. म्हणजे वाटेत खिशातली डबी काढून दोन रेघोट्या तोही ओढायचा, ते सगळेच ओढतात, पण घरी बसून मेणाचा पाया घालायचा तो मीच. तुला येतं ना मेण लावता? थोडं थोडं? मग ऐक, पुढचं टोक आणि मागचं टोक, तिथे गुळगुळीत मेण, इस्त्रीने जिरवायचं, ते घसरायला. आणि मधे, पायाखाली, तिथे चिकट मेण, थंडीसाठी निळं, पातळ पातळ थर, प्रत्येक थर बुचाच्या ठोकळ्याने घासून, ते धरायला. त्या मधल्या भागाला गुळगुळीत मेण चुकूनसुद्धा लागू द्यायचं नाही. लागलं तर चढावर एक पाऊल पुढे आणि एक मागे. वरून किती निळं फासा, खाली गुळगुळीत असेल तर निळं कशाला धरेल? चार पावलांत सुटून जातं. लक्षात ठेव. पहिल्यांदा मी त्याच्या स्कीला मेण लावलं तेव्हा साखरपुडासुद्धा झाला नव्हता, त्याची आई म्हणाली, तपासून बघ रे, पोरगी शहरातली आहे. तर तो म्हणाला, नाही बघणार. आणि खरंच कधी बघितलं नाही. इतकी वर्षं घरून निघताना स्की उलटी करून बघितली नाही त्याने, मी दिली की पायात घातली.

का विकतोय? जाहिरातीत लिहिलंय की. वयामुळे. पाय गेले त्याचे. तो स्वतःच म्हणाला. मी नाही म्हणाले हं, तो म्हणाला. बेत असा होता — ईस्टरला घसरगाडी बांधून पठार ओलांडायचं, झोपडीवर झोपायचं, पलीकडे उतरायचं, दरवर्षी जायचो तसंच. दोघं जायचो. या वर्षी मी काही जाऊ शकत नव्हते, तर म्हणाला, एकटा जातो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. दोन वर्षांपूर्वी छातीत काहीतरी झालं होतं, औषधं चालू आहेत, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहेत. पण डॉक्टर काय, डॉक्टर रात्री त्याच्या शेजारी थोडाच झोपतो. आमची सुन्निवा — मुलगी, बर्गनला असते — ती रोज फोनवर माझ्याच मागे, आई तू काहीतरी कर, आई तू त्याला अडव. अरे वा, मी अडवू! तुझा बाप कुणाचं ऐकतो? तो एकाचंच ऐकतो, डोंगराचं. म्हणून मग आमच्यात ठरलं — मोठ्या वाटेआधी एक चाचणीची वाट करतोच आम्ही, सगळं सामान लादून, मागचं तळं ओलांडून तो उतार चढायचा, वर तंबू ठोकायचा, एक मुक्काम करून परत. कुणी करो न करो, मुख्य वाटेवर स्टोव्ह पेटत नाही हे कळण्यापेक्षा घरामागे कळलेलं बरं. तर म्हणाला, मालफ्रिड, चाचणी सांगेल. मी वर चढलो तर जातो. नाही चढलो तर जात नाही, आणि त्यावर एक शब्द बोलायचा नाही, तूही नाही, सुन्निवानेही नाही. हात पुढे केला. मी हात मिळवला. असा हात धरून हलवला की जसं काही गाय विकत घेतोय.

आणि नाही चढला. संपलं. तो बघ उतार, या खिडकीतूनच दिसतो. मी इथेच उभी होते, दुर्बिणीने बघत. तळं झपाझप ओलांडलं, घसरगाडीसकट, पोरासारखा. आणि चढ लागला आणि — एक पाऊल पुढे, सर्रकन मागे. एक पुढे, मागे. आडवा वळला, तिरका चढायला लागला, तरी मागे. थांबला, खिशातली डबी काढली, निळं फासलं, परत चढला. थोडा वर गेला. मला वाटलं, गेला आता. आणि परत घसरला. घसरगाडी त्याला मागे ओढत होती आणि तो काठ्यांवर सगळा जोर टाकून तिथल्या तिथे. गुडघ्यावर पडला एकदा. मी दुर्बीण खाली ठेवली. परत उचलली. चढावर स्कीखाली लावायच्या, बर्फाला धरणाऱ्या पट्ट्याही नव्हत्या त्याच्याजवळ, त्या असत्या तर चढलाच असता, त्या इथेच राहिल्या होत्या, जिन्याखाली, कारण त्या सॅकमध्ये घालायचं कामही माझंच आणि —

वॉफल घे ना अजून.

काय? निळं फासूनही का घसरला? टिकत नव्हतं ते. म्हणजे टिकत नव्हतं असं तो आल्यावर म्हणाला असेल. हुशार आहेस. आई-वडील काय करतात तुझे? — नाही, नको सांगूस, मी विषय बदलतेय, कळलं तुला. चोराच्या मनात चांदणं. बरं ऐक. तू परकी आहेस, ओस्लोला जाशील, परत काही भेटणार नाहीस. आदल्या दिवशी तो बाहेर तंबूच्या दोऱ्या तपासत होता, आणि मी इथे, याच टेबलावर, इस्त्री तापवली आणि गुळगुळीत मेण टोकापासून टोकापर्यंत जिरवलं. मध्येसुद्धा. पायाखालीसुद्धा. छान जिरवलं, मन लावून, थंड होऊ दिलं, खरवडलं, ब्रश मारला. वरून एक हात निळ्याचा, दिसायला. असं सुंदर काम मी कधी केलं नव्हतं. आणि पट्ट्या जिन्याखाली 'विसरले'. आणि सकाळी त्याच्या हातात दिल्या आणि त्याने पायात घातल्या.

भीतीने केलं. असं बघू नकोस, भीतीनेच केलं. वर एकटा असताना छातीत दुखलं तर? वादळ आलं तर? बायका अशाच विधवा होतात इथे, दरवर्षी कुणीतरी होतं. मी काय त्याला दरीत नाही ढकललं, घराजवळच्या उतारावर घसरवलं. परत आला तेव्हा मी वाटाण्याचं सूप केलं होतं. काठ्या दाराशी ठेवल्या, बूट काढले, मोजे चुलीवर वाळत टाकले आणि म्हणाला, मागे फिरण्यात लाज नसते, मालफ्रिड. आपण इथे लहानपणापासून पोरांना शिकवतो तेच. हसून म्हणाला. मग म्हणाला, पाय गेले, मागे ढकलच देता येत नाही. सूप चांगलं झालंय. एवढंच. मी तेव्हा बोलायला हवं होतं ना? तेव्हा नाही तर दुसऱ्या दिवशी? मी म्हटलं, अजून घे. सुन्निवाला फोन केला तर ती काय आनंदली! म्हणाली, बघ आई, सुंठीवाचून खोकला गेला. मी म्हटलं, हो.

आणि तेव्हापासून तो कुठे म्हणून जात नाही गं. टपालपेटीपर्यंत जायचं तर गाडी काढतो. डोंगर? तळ्याकडच्या बाजूला खुर्चीसुद्धा करत नाही, पाठ करून बसतो. रेडिओ लावतो, ऐकत नाही. पायाने म्हातारा नव्हता झाला, तो आता झाला, मी केला. परवा जिना चढताना कठड्याला धरलं त्याने. कधी धरत नव्हता. मला वाचवायचा होता ना — वाचवला की, बसलाय वाचून. आणि पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच म्हणाला, स्की विकून टाक, नुसत्या उभ्या राहिलेल्या बघवत नाहीत. आज तू येणार म्हणून शेजारच्या ओडवारकडे लाकडं फोडायला गेलाय.

आणि खरं सांगू? भीती होतीच. पण सगळी भीतीच नव्हती. आता तोंड उघडलंच आहे तर. त्याने नकाशा पसरला होता टेबलावर, या इथे, आणि शिट्टी वाजवत होता. मी बटाटे सोलत होते, हा पाय स्टुलावर टाकून. झोपडीवरच्या मुक्कामाचं बोलत होता, सरपण कुठे असेल, दुसऱ्या दिवशी कुठल्या खिंडीतून. मला विचारतसुद्धा होता, मालफ्रिड, त्या खिंडीत वारा कुठून यायचा गं? जशी मी जाणारच आहे. आणि मला एकदम इतका राग आला त्याचा. त्याचे दोन्ही गुडघे स्वतःचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि गुडघे स्वतःचे. तो जाणार आणि मी या खिडकीशी दुर्बीण घेऊन. मला वाटलं, नको जाऊस. मी नाही तर तूही नको. हे वाटलं. हे वाटलं आणि मग मी इस्त्री शोधायला गेले. सुन्निवाला नाही सांगितलं हे, पाद्र्याला नाही, कुणाला नाही. आणि तुला सांगतेय, तुझं आडनावसुद्धा माहीत नसताना.

अगं — अगं नको, ठेव ती खाली. उलटून नको बघूस म्हटलं ना मी. त्यांना हात लावायचा धीर नाही झाला मला तेव्हापासून, त्या दिवशी पडवीत उभ्या केल्या त्या तशाच, गुळगुळीत मेण तसंच आहे पायाखाली, घरी गेल्यावर धुऊन घे, मी बाटली देते धुवायची — काय? निळं आहे? निळं नाही, वरचा हात असेल तो, तो तर पहिल्याच चढावर — इकडे आण. चष्मा कुठे आहे माझा. इकडे आण, उजेडात.

हे काय आहे?

हे मी नाही लावलेलं. हे बघ, धुतलंय आधी, पार तळापर्यंत, गुळगुळीत मेणाचा मागमूस नाही, नख फिरव, बघ. आणि मग निळं लावलंय. जाड. किती जाड लावलंय, पावावर लोणी थापल्यासारखं. बुचाने धड घासलंसुद्धा नाही, कडेला गोळे राहिलेत. मी असं मेलं तरी लावणार नाही. हे ज्याने लावलं त्याने आयुष्यात घरी बसून कधी मेण लावलेलं नाही. मागच्या आठवड्यात पडवीत धुवायच्या औषधाचा वास येत होता, मी म्हटलं बर्फ ढकलायच्या यंत्राचं काही साफ करत असेल. हे तोर्ग्रिमचं आहे. हा त्याचा अंगठा आहे बघ, इथे उमटलाय.

म्हणजे धुवायचं आहे हे त्याला माहीत होतं.

थांब. बोलू नकोस. तिथे, चढाच्या पायथ्याशी, शेवटी, तो थांबला होता. स्की काढल्या, बर्फात उभ्या रोवल्या, आणि त्यांच्यासमोर घसरगाडीवर बसून कॉफी घेतली. संत्रं सोललं. मी दुर्बिणीने बघत होते, म्हटलं दमलाय. किती वेळ बसला होता. स्की रोवतो ना आपण, तर त्यांचा तळ — तळ त्याच्याकडे होता. उन्हात. डोळ्यांसमोर. आणि तो हातमोजा काढून पुढे वाकला होता, मला वाटलं बर्फ झाडतोय. तिथे बसून त्याने सगळं बघितलं. पट्ट्या का नाहीत तेही त्याला तिथेच कळलं असणार. आणि मग त्याने या खिडकीकडे बघितलं होतं. मी म्हटलं, एवढ्या लांबून त्याला काय दिसणार. मग उठला आणि परत आला आणि म्हणाला, पाय गेले. सूप चांगलं झालंय.

रागावला असता. भांडं आपटलं असतं, चार शब्द ऐकवले असते, मला सोसले असते गं. बाई, तू माझ्याशी असं केलंस म्हणाला असता तर मी पाया पडले असते त्याच्या. पण त्याला वाटलं असेल, हिला इतकी भीती वाटते, इतकी, की हिने मेणात खोटं केलं — तर नाही जात. हिच्यासाठी नाही जात. भीती! त्याला भीती वाटलेलीच कळली असेल फक्त. दुसरं त्याला कसं कळेल, तो तसा नाहीच. तो माझी भीती सांभाळत पाठ करून बसलाय आणि भीती नव्हतीच ती, अर्धी नव्हतीच. आणि परत त्या स्की दुसऱ्या कुणी घेतल्या तर घेणारा घसरू नये, म्हणून एकटा पडवीत बसून, न येणारं काम करत —

नाही. नाही देणार मी या. माफ कर, इतक्या लांबून आलीस, सॅक चढवायला लावली तुला, पण नाही देणार. बसतात तुला, माहितीये मला बसतात. तुला याच मापाच्या मिळतील, दोन वेगळ्या जोड्या माग आणि एकेका पायात घालून बघ, हसू देत लोकांना. डबा देते, वॉफल घेऊन जा. बूट घाल तुझे. लवकर घाल.

ऐक. गाडी. ओडवारच्या घराकडून येणारी ती. आलाच तो. इतक्यात कसा आला, अजून अंधार पडायचाय — नाही, तू थांबू नकोस. थांबते म्हणू नकोस, भली आहेस, कळतंय मला, पण नको. मला काय बोलायचं तेही माहीत नाही अजून, आणि तू समोर असलीस तर मी तुझ्याशीच बोलत बसेन. इतका वेळ बसले ना. त्याला सांगायचं ते सगळं तुला सांगितलं. टोपी राहिली तुझी, घे. अंगणात भेटला तर नमस्कार कर आणि पुढे जा, काही सांगू नकोस, मी सांगेन.

जा, पोरी. दार उघडंच ठेव.